प्लेग, पंडिता रमाबाई आणि राज्यसत्ता : १८९७ मधील एका पत्राचा विचार

पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर केडगाव, दौंड, भिगवण, जेऊर, कुर्डुवाडी, मोहोळ ही स्थानके क्रमाने लागतात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला आणि करमाळा तालुक्यातील प्रवाशाला मुंबई-पुण्याशी जोडणारे स्थानक म्हणून जेऊरला महत्त्व आले. याच मार्गाने धान्य आले, कापूस गेला, पंढरीचे वारकरी आले आणि १८९६ नंतर प्लेगही आला. त्या काळात स्थानकांवर प्रवाशांना उतरवून घेऊन त्यांची वैद्यकीय तपासणी होत असे. काखेतील वा जांघेतील गाठ हा संशयाचा पुरावा मानला जाई. गोषातील स्त्रिया, विधवा, सोवळे पाळणारे ब्राह्मण, दुष्काळामुळे गाव सोडून निघालेले शेतमजूर या सर्वांवर सरकारचा हात प्रथमच इतक्या शब्दशः अर्थाने पडत होता. सोलापूर जिल्हा १८९६-९७च्या दुष्काळाने आधीच पिळून निघालेला होता. पुढे प्लेगनेही त्याला सोडले नाही.

या लोहमार्गावरील केडगावचा इतिहास प्रस्तुत निबंधाच्या केंद्रस्थानी आहे. जेऊरपासून पुण्याच्या दिशेने काही तासांच्या अंतरावर असलेल्या या गावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले ते दुष्काळ आणि प्लेग यांच्या कात्रीत. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात १८९७चा प्लेग म्हटला की रँड, चापेकर बंधू आणि लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला ही साखळी डोळ्यांपुढे उभी राहते. ती योग्यच आहे. परंतु त्याच वर्षी, रँडचा खून होण्यापूर्वी, एका मराठी ख्रिस्ती स्त्रीने प्लेगच्या कारभारावर एका ख्रिस्ती साप्ताहिकातून जाहीर आरोप केले, मुंबईच्या गव्हर्नरला त्याचे उत्तर द्यावे लागले आणि तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला, ही बाब बहुधा तळटीपेत राहते. राष्ट्रवादी परंपरेला रमाबाई धर्मांतरामुळे परक्या वाटल्या आणि मिशनच्या परंपरेला त्यांचे हे पत्र गैरसोयीचे वाटले. दोघांनीही ते बाजूला ठेवले असे म्हणावे लागते. साथीच्या काळात ख्रिस्ती श्रद्धा, चर्च आणि राज्यसत्ता यांचे नाते काय असते, या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उत्तर मात्र याच पत्रात सापडते.

कायदा आणि त्याचे चौथे कलम

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. डॉ. व्हिएगस हे गोव्याचे कॅथलिक होते. पुढे १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. निदान जाहीर होताच शहरातून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले आणि १८९६च्या अखेरीस रोग पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांसंबंधीचा अधिनियम संमत झाला. अवघ्या चार मुख्य कलमांचा हा कायदा आहे. दुसऱ्या कलमाने सरकारला आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा आणि प्रवाशांची तपासणी, संशयितांचे विलगीकरण करण्याचा अधिकार दिला. तिसऱ्याने आज्ञाभंग हा तेव्हाच्या दंडसंहितेच्या १८८व्या कलमाखाली गुन्हा ठरवला. चौथ्याने या कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावरही दावा वा खटला चालणार नाही, अशी हमी दिली. अधिकार अमर्याद आणि उत्तरदायित्व शून्य अशी ही रचना होती. रुग्णाचे हक्क, छावणीतील व्यवस्था, स्त्रियांच्या तपासणीची पद्धत, तक्रार कोणाकडे करावयाची, यांपैकी कशाचाही उल्लेख त्यात नव्हता.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्च १८९७ मध्ये सूत्रे हाती घेतली आणि १३ मार्चपासून घरझडतीसाठी गोरे सैनिक वापरले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ही झडती चालू होती. घरांत शिरणे, सामान जाळणे, रुग्णाला इस्पितळात व घरच्या मंडळींना विलगीकरणाच्या छावणीत नेणे असा क्रम असे. याच मार्च महिन्याच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने निवर्तल्या. प्लेगविषयी लिहिताना रोगाचे भय आणि सत्तेचे भय यांची गल्लत होता कामा नये. विलगीकरण हा त्या काळच्या वैद्यकाला ठाऊक असलेल्या थोड्या उपायांपैकी एक होता. तो अमलात आणण्याची रीत हा वादाचा मुद्दा होता.

छावणीतही जात आणि जमात पोहोचली होती. हिंदूंसाठी टिळकांच्या पुढाकाराने स्वतंत्र इस्पितळ निघाले. इतर समाजांनीही आपापल्या लोकांची सोय पाहण्याचा प्रयत्न केला. ज्याच्या पाठीशी जात वा जमात होती त्याला निदान ओळखीचे चार चेहरे दिसत. नवऱ्याने, सासरने आणि माहेराने टाकलेली विधवा किंवा दुष्काळातून उचलून आणलेली अनाथ मुलगी यांपैकी कोणत्या इस्पितळाची? तिच्यासाठी उरे ते सरकारी इस्पितळ. रमाबाईंच्या पत्राचा सारा प्रश्न येथून सुरू होतो.

चर्च आणि राज्यसत्ता : मुंबई इलाख्यातील चित्र

ख्रिस्ती समाज म्हणजे राज्यकर्त्यांचा समाज, ही त्या काळातील समजूत आजही काही प्रमाणात टिकून आहे. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. अँग्लिकन चर्च हे इंग्लंडचे राजमान्य चर्च. मुंबईचा बिशप आणि त्याच्या हाताखालील चॅपलेन यांचा खर्च भारतीय तिजोरीतून भागवला जाई. हे सरकारी धर्मखाते होते आणि १९२७च्या कायद्यानंतर, १९३० मध्ये, भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले. अशा चर्चने सरकारच्या प्लेग धोरणावर टीका करावी ही अपेक्षाच अस्थानी होती. अहमदनगर, सोलापूर या भागांत काम करणारे अमेरिकन मराठी मिशन सरकारच्या पगारावर नव्हते. परंतु परदेशी पाहुण्याने यजमानाच्या कारभारावर बोलू नये, हे पथ्य त्यालाही सांभाळावे लागे. शाळांना मिळणारे अनुदान आणि दुष्काळी मदतकार्यातील सहकार्य यांची जाणीव त्यामागे होतीच. कॅथलिक समाजात निराळे दृश्य दिसते. मुंबई बेटावरील आणि वांद्र्याच्या गावठाणांतील अनेक क्रूस प्लेगच्या काळात संरक्षणासाठी वा नवस म्हणून उभारले गेले. खोताची वाडी किंवा वांद्रे येथील गल्ल्यांतून फिरताना ते आजही दिसतात. भाविकांनी साथीला दिलेले हे उत्तर आकाशाकडे पाहून दिलेले होते. सरकारशी त्याचा वाद नव्हता.

सत्तेच्या आज्ञापालनाचा विषय निघाला की ख्रिस्ती विचारात रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा हवाला दिला जातो. मनुष्यापेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानणारा प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंग त्याच ग्रंथात आहे. या दोन वचनांपैकी केव्हा कोणते पुढे करावयाचे हे ठरवणारा अधिकार कोणाचा, बिशपचा की व्यक्तीच्या सदसद्विवेकबुद्धीचा, हा प्रश्न रमाबाईंनी प्लेगच्या बारा वर्षे आधीच सोडवला होता.

रमाबाईंचे पूर्वशिक्षण

रमाबाईंच्या आयुष्यात दुष्काळ आणि साथ या ऐकीव गोष्टी नव्हत्या. आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. पती बिपिनबिहारी दास मेधावी १८८२ मध्ये पटकीने गेले, तेव्हा विवाहाला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काय घडले हे सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेल्या आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या पत्रव्यवहारावरून कळते. चेल्टनहॅम येथे असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली. मराठी स्त्रीने गोऱ्या पुरुषांस शिकवणे तिच्या देशात गैर मानले जाईल, असा युक्तिवाद होता. ज्या स्त्रीने कलकत्त्याच्या पंडितांसमोर संस्कृतात व्याख्याने दिली होती तिला हा युक्तिवाद पटणे शक्य नव्हते. एका धर्माच्या पुरोहितांचे जोखड टाकून दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांचे जोखड घेण्यासाठी आपण आलो नाही, असा या पत्रांतील त्यांच्या भूमिकेचा मथितार्थ आहे. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यांनी सोडली नाही; चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द म्हणजे ख्रिस्ताचा शब्द, हे मात्र मान्य केले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून बाप्तिस्म्याच्या विधीपर्यंत त्यांनी विचारलेल्या प्रश्नांनी वाँटेजच्या भगिनी हैराण झालेल्या दिसतात.

या मतभेदाचा व्यावहारिक परिणाम असा झाला की त्यांची संस्था अँग्लिकन चर्चच्या छत्राखाली आली नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि १८९० मध्ये पुण्यास हलवलेले शारदा सदन अमेरिकेत, बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या वर्गणीवर चालत होते. रानडे, भांडारकर यांसारखी मंडळी त्याच्या सल्लागारांत होती. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली आणि हे सल्लागार बाजूला झाले. त्यामुळे १८९७ मध्ये रमाबाई तिन्ही बाजूंनी एकट्या होत्या. पुण्याचा सुधारक वर्ग दुरावला होता, सनातनी शत्रू होते, चर्चच्या अधिकाऱ्यांशी सख्य नव्हते. शिवाय असोसिएशनने पत्करलेली दहा वर्षांची मुदत संपत आली होती. एखादी संस्थाचालक स्त्री अशा वेळी सरकारशी गोडीने वागेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती.

केडगाव आणि मे १८९७चे पत्र

१८९६-९७च्या हिवाळ्यात रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त भागात गेल्या आणि तेथून अनाथ मुली व बालविधवा घेऊन परतल्या. वर्षभरात ही संख्या सुमारे ३०० पर्यंत गेली. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू असल्याने एवढ्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगाव येथे शेतीसाठी घेतलेली सुमारे १०० एकर जमीन होती. मुलींना तेथे नेऊन तंबू आणि कच्च्या छपरांखाली त्यांची सोय करण्यात आली. मुक्ती सदनाचा हा आरंभ. साथनियंत्रणाच्या सरकारी आदेशांना रमाबाईंनी विरोध केल्याचे येथे दिसत नाही. मुली हलवल्या गेल्या, वस्ती विरळ झाली, आणि आजच्या भाषेत ज्याला विलगीकरण म्हणतात ते रमाबाईंनी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या कष्टाने केले. पुढील आरोपांकडे पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही, कारण प्लेगविरोधी उपायांच्या टीकाकारांना अज्ञानी वा रूढिग्रस्त ठरवण्याची सरकारची नेहमीची पद्धत या ठिकाणी लागू पडत नव्हती.

मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या साप्ताहिकात त्यांचे पत्र आले. हे पत्र अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांच्या दीर्घ संपादकत्वाने नावारूपाला आलेले, ख्रिस्ती वाचकांचे पत्र होते. सरकारी अधिकाऱ्यांच्या घरांतही ते वाचले जाई. पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत तरुण स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण होत नाही, शारदा सदनातील एका मुलीच्या बाबतीत याचा दारुण अनुभव आला आणि अशा किती मुली तेथे गेल्यावर पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, असा या पत्राचा आशय होता. स्वतःच्या आश्रमातील मुलीविषयी असे जाहीरपणे लिहिणे याचा अर्थ तत्कालीन समाजात काय होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. संस्थेची बदनामी होणार, विरोधकांना आयते कोलीत मिळणार, त्या मुलीचे नाव न घेताही तिच्याबद्दल कुजबुज होणार. सनातनी पुण्याने तर १८९३ पासून सदनाकडे संशयानेच पाहिले होते. तरीही मौन पाळल्याने पुढच्या मुलीवर तोच प्रसंग येईल, हा हिशेब रमाबाईंनी केला असावा.

गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. सरकारचा पवित्रा असा, की विधाने चुकीची आणि दिशाभूल करणारी आहेत. प्रश्न मात्र तेथे थांबला नाही. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या खासगी पत्रांच्या आधारे सैनिकांच्या अत्याचारांविषयी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये निवेदन केले आणि त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला तेव्हा रमाबाईंचे छापील पत्र हा त्यांच्या हातातील एक आधार होता. चार वर्षांपूर्वी ज्या सुधारक वर्तुळाने सदनाकडे पाठ फिरवली, त्याच वर्तुळातील गोखल्यांना लंडनमध्ये रमाबाईंच्या शब्दाचा आधार घ्यावा लागला. दरम्यान २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला मरण पावला. वातावरण पार बदलले. नातू बंधूंना खटल्याविना स्थानबद्ध केले गेले, टिळकांना अटक होऊन सप्टेंबरमध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. मायदेशी परतलेल्या गोखल्यांना आपल्या विधानाला पुरावा मिळेना. पत्रे पाठवणारे पुढे येण्यास तयार नव्हते, आणि गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली.

रमाबाईंनी आपले पत्र मागे घेतले नाही. गोखले ऐकीव माहितीवर बोलले होते. रमाबाई स्वतःच्या घरातील मुलीविषयी बोलत होत्या. दोघांच्या नैतिक उंचीची तुलना येथे अप्रस्तुत आहे. गोखल्यांची माफी हा त्यांच्या सचोटीचाच भाग होता. फरक साक्षीच्या स्वरूपात होता. आणखी एक फरक सरकारच्या वागण्यात दिसतो. टिळकांवर खटला भरता आला, नातूंना उचलता आले; एका ख्रिस्ती विदुषीवर, जिचे नाव इंग्लंड-अमेरिकेतील धर्मसभांत आदराने घेतले जात होते, राजद्रोहाचा शिक्का मारणे अवघड होते. ख्रिस्ती असण्याने त्यांना मिळालेले हे संरक्षण नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तेच संरक्षण ज्यांना त्यांच्याहून अधिक होते, त्या बिशपांनी आणि मिशनरी मंडळांनी ते वापरले नाही.

या ठिकाणी एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. रमाबाईंचे हे धाडस त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून आले की पंडितांच्या घरात वाढलेल्या वादपटू स्त्रीच्या स्वभावातून? श्रद्धा आणि स्वभाव यांची अशी फोड करणे इतिहासकाराला जमणारे नाही. परंतु १८८५ मध्ये बिशपांशी झालेला वाद आणि १८९७ मध्ये गव्हर्नरशी झालेला वाद यांची रचना एकच आहे, हे दाखवता येते. दोन्ही वेळी अधिकाऱ्याने स्त्रीच्या हिताच्या नावाने निर्णय घेतला होता. दोन्ही वेळी त्या स्त्रीला विचारले गेले नव्हते. रमाबाईंनी चर्चमध्ये राहून चर्चला आणि प्लेगचे नियम पाळून प्लेग समितीला जाब विचारला. वाँटेजमध्ये तो वाद झाला नसता तर पुण्यातील पत्र लिहिले गेले असते का, अशी शंका मनात येते.

२०२० मधील पुनरावृत्ती

करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने १८९७चाच अधिनियम लागू केला. चर्च, मंदिरे, मशिदी बंद झाल्या. मुंबईच्या आर्चडायोसिसने सार्वजनिक मिस्सा स्थगित केल्या. त्या सप्टेंबरमध्ये वांद्र्याची माउंट मेरीची जत्राही भरली नाही. आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. चर्चने बंदीला विरोध केला नाही आणि ते योग्य झाले. अमेरिकेत काही चर्चनी उपासनेच्या हक्कासाठी न्यायालयांत धाव घेतली, तसे महाराष्ट्रात घडले नाही.

खरी कसोटी बंदीपेक्षा मृतदेहांच्या प्रश्नाने पाहिली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मृत झालेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि विरोध होताच त्याच दिवशी ते बदलले. दफन करणाऱ्या मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने त्या काही तासांचा अर्थ फार मोठा होता. पुढे मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने वांद्रे येथील दफनभूमीच्या प्रकरणात सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. १८९७ मध्ये रमाबाईंना साप्ताहिकाच्या संपादकाकडे जावे लागले होते. २०२० मध्ये संविधान आणि न्यायालय होते.

कायद्याचे मात्र फारसे काही बदलले नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा देण्यासाठी, आणि त्या हल्ल्यांच्या बातम्या पाहता तिची गरज होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने या अधिनियमाचा सविस्तर आढावा घेणारा २८६वा अहवाल सादर केला. तपासणी, विलगीकरण आणि छावणी यांतून जाणाऱ्या माणसाने तक्रार कोठे करावी, याचे उत्तर देणारे कलम २०२०च्या दुरुस्तीत आले नाही. सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल दावा चालणार नाही असे सांगणारे चौथे कलम ४ फेब्रुवारी १८९७ रोजी होते त्याच जागी राहिले.